पेटी देऊन तंबोरा घ्यायचा होता

माझा नवरा एका बँकेत कामाला आहे. चोर कुठून शिरेल याचा दिवसभर विचार करणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. संध्याकाळी सहानंतर हा विचार थांबवायचा असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यात करोना आला आणि तो चोवीस तास घरीच बसला. आम्ही तेव्हा उइटहॉर्न या डच गावात राहत होतो. दारात आलेलं प्रत्येक खोकं तीन दिवस मागच्या शेडमध्ये विलगीकरणात जायचं, आणि कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली जायची. त्या वर्षी आम्ही खाल्लेल्या पोह्यांना एक वेगळाच स्वाद होता.

अशा माणसाला मी एका सकाळी चहा देता देता सांगितलं, की आपली पेटी एका अनोळखी बाईला देऊन मला तिचा तंबोरा घ्यायचा आहे.

तो कप खाली ठेवून म्हणाला, “अनोळखी म्हणजे किती अनोळखी?”

“पूर्ण,” मी म्हटलं.

तंबोऱ्याचं हे खूळ माझ्या डोक्यात घातलं माझ्या गाण्याच्या बाईंनी. लग्नाआधी पुण्यात मी त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकले. मग नवऱ्याच्या मागून या देशात आले, सायकल शिकले, डच शिकले, परीक्षा दिल्या, लायडनच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळवली आणि गाणं कुठे राहिलं ते कळलंच नाही. टाळेबंदीत बाईंनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी पुतण्याकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला आणि जुन्या विद्यार्थिनींना एकेक करून गाठायला सुरुवात केली. माझा नंबर लागला तेव्हा म्हणाल्या, “काय गं, गातेस ना?”

“अधूनमधून गाते, बाई.”

“सा लाव.”

मी लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं नेट गेलं.

“अधूनमधून म्हणजे किती वर्षांपूर्वी?” बाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू झाली आणि आठ महिने मी सा वरच बसून राहिले. मी फोनमधला तंबोरा लावायचे. बाईंना तो अजिबात मान्य नव्हता. “तो कधी सुरातून उतरतच नाही, मग तुझा कान कशाला जागा राहील? खरा तंबोरा आण. तुझ्या हाताने लावून मला ऐकव. मग राग सुरू करू.” आणि एकदा, गॅस संपत आलाय हे सांगावं तितक्याच साधेपणाने त्या म्हणाल्या, “माझा डावा कान गेलाय. डॉक्टर म्हणतात, उजवाही त्याच वाटेवर आहे. तेव्हा जरा लवकर बघ.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मिरजेला फोन केले. तंबोरे भरपूर होते, पण विमानं बंद होती, आणि भोपळ्याचं वाद्य पार्सलने पाठवायला कुणी तयार होईना. असे दोन महिने गेले. आणि मग एक दिवस इथल्या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर मला तो दिसला. एका पॅसेजमध्ये, छत्र्यांच्या स्टँडशेजारी, भिंतीला टेकून उभा. खाली लिहिलं होतं: विकायचा नाही, अदलाबदल फक्त, हार्मोनियम हवी.

आमच्याकडे पेटी होती. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला अचानक भजनाचा उमाळा आला होता, तेव्हा त्याने ती पुण्याहून जादा सामानाचे पैसे भरून आणली. एका भजनाची पहिली ओळ तो उत्तम वाजवतो. दुसरी ओळ पुढच्या महिन्यात बसवायची असं पाच वर्षं चाललं होतं. त्यामुळे पेटी जाणार याचं दुःख करणारं घरात फारसं कुणी नव्हतं, शेजाऱ्यांत तर नाहीच.

पण पेटीत एक गोम होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. इथल्या दमट हिवाळ्यात मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी बिघडली होती. भाता हलवला की ती न दाबताच वाजायला लागायची आणि बंद व्हायचं नाव घ्यायची नाही. पेटी दुरुस्त करणारा माणूस इथे कुठे शोधायचा? मी झाकण उघडलं, त्या पट्टीखालच्या भोकावर एक मोठी मरून टिकली चिकटवली, वर आणखी दोन लावल्या आणि झाकण बंद केलं. आवाज थांबला. पट्टी कायमची मुकी झाली. नवऱ्याच्या पहिल्या ओळीत तो सूरच नसल्यामुळे त्याला याचा पत्ताही लागला नाही.

नवऱ्याने पत्रव्यवहार आपल्या हातात घेतला. त्यासाठी त्याने एक नवा ईमेल उघडला, त्यात आडनाव येणार नाही याची काळजी घेतली, आणि तंबोऱ्याच्या मालकिणीला तो “समोरची पार्टी” म्हणू लागला. समोरच्या पार्टीकडे त्याने व्हिडिओ मागितला: तंबोऱ्याशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून. ही पद्धत अपहरण झालेल्या माणसांसाठी वापरतात, असं मी म्हटलं, पण तो कामात होता.

समोरची पार्टी निघाली लायडनच्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई, वय अडुसष्ट. चाळीस वर्षांपूर्वी भारतात फिरायला गेल्या असताना त्यांनी तंबोरा घेतला होता. आता त्यांच्या मैत्रिणींचा एक गट स्क्रीनवर जमून मंत्र म्हणत असे, त्यासाठी पेटी हवी होती. व्हिडिओ त्यांनी लगेच पाठवला. शिवाय, न मागता, तंबोऱ्यातल्या दोषांची यादी पाठवली. सात दोष होते, आणि प्रत्येकाचा फोटो फूटपट्टी लावून काढलेला. भोपळ्याला चार सेंटिमीटरची चीर. एक खुंटी सैल. नक्षीतला एक तुकडा मांजराने खाल्लेला. तारा गिटारच्या दुकानातून नव्या घातल्या आहेत, बरोबर की चूक माहीत नाही. आणि सातवा: प्रत्येक तारेखाली कुणीतरी घाणेरड्या दोऱ्याचे तुकडे अडकवून ठेवले होते, ते मी काढून टाकले आहेत.

हे वाचून मी किंचाळलेच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. तो नसला तर तार नुसती टण् करून गप्प होते. चाळीस वर्षं जपलेलं वाद्य लायडनच्या या काकूंनी पुसून लख्ख करून मुकं करून टाकलं होतं. पण दोरा काय, तो मी घालू शकत होते.

नवऱ्याला वेगळीच शंका आली. “इतकं खरं कोण सांगतं? सात सांगितले म्हणजे आठवा लपवलाय.”

त्या ईमेलच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुमच्या हार्मोनियममध्ये काय काय दोष आहेत? नवऱ्याने माझ्यासमोर टाइप केलं: काहीही नाही, उत्तम स्थितीत आहे. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात फरक असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. टिकलीसकट पेटी वाजतेच की. आणि बाईंच्या उजव्या कानाला किती दिवस उरलेत कोण जाणे. नवऱ्याने पाठवायचं बटण दाबलं.

भेटीचे नियम ठरले. घरी बोलवायचं नाही. भर दुपारी भेटायचं. आमस्टेल नदीकाठचे दोन बाक, जिथे माणसांची ये-जा असते. एका बाकावर त्यांचं वाद्य, दुसऱ्यावर आपलं, मध्ये दीड मीटर, आणि तो मोजायला टेप. त्या आल्या की तो लांबून गाडीचा नंबर लिहून घेणार. आणि सगळं वीस मिनिटांत आटपायचं. “वीस मिनिटांच्या वर थांबलं की माणूस गप्पा मारतो,” नवरा म्हणाला, “आणि गप्पा मारल्या की फसतो.”

मार्च महिना, वारा बोचत होता. आम्ही अर्धा तास आधी जाऊन बसलो. ठरल्या वेळी नदीकाठच्या रस्त्यावरून एक बाकफीत्स येताना दिसली. पुढे मोठं लाकडी खोकं लावलेली ही सायकल, इथले आईबाप तिच्यात पोरं भरून शाळेत नेतात. या खोक्यात फुलाफुलांच्या दुलईत गुंडाळलेला तंबोरा होता, आणि त्याची मान अशी ऐटीत बाहेर आली होती की रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा वळून बघत होते. लायडनच्या काकू दोन तास सायकल मारत आल्या होत्या. नवऱ्याने नंबर लिहायला काढलेलं पेन मुकाट्याने परत खिशात ठेवलं.

तंबोरा एका बाकावर गेला, पेटी दुसऱ्यावर. नवरा जंतुनाशकाचा फवारा घेऊन पुढे झाला. मी त्याच्या हाताला धरून त्याला मागे ओढलं. मग सवयीने बूट काढले, ओल्या गवतावर मोज्यांनी उभी राहिले, तंबोऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि मगच तो उचलला. यात मला काही विशेष वाटलं नाही. बाईंकडे बूट घालून वाद्याला शिवण्याची कुणाची हिंमत नव्हती.

काकू माझ्याकडे बघत होत्या. “मीही असंच करायचं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही नाही केलं तरी चालेल,” मी म्हटलं.

पण त्या खाली बसल्याच. बुटांच्या लांबलचक नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजेही काढले. अडुसष्ट वर्षांची ती बाई मार्चमधल्या ओल्या गवतावर अनवाणी चालत आमच्या पेटीपाशी गेली आणि डोळे मिटून, हात जोडून, तिच्यासमोर वाकली. आमच्या पेटीसमोर. जिच्या पोटात मी तीन टिकल्या चिकटवल्या होत्या.

मला इतकी लाज वाटली, की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“थांबा,” मी म्हटलं. “या पेटीची एक पट्टी वाजत नाही. मला माहीत होतं.” आणि झाकण उघडून टिकल्या दाखवल्या.

नवरा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू चोर तो बँकेच्या बाहेर शोधत होता आणि निघाला कॅशियर. काकूंनी वाकून टिकल्या बघितल्या. ती काळी पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबली.

“तू लिहिलं का नाहीस?” त्यांनी विचारलं. इथे सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात आणि सरळ तोंडावर विचारतात. त्यात राग नव्हता, त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

“मला तंबोरा हवा होता.” मग बाईंचं, त्यांच्या कानाचं, आठ महिन्यांच्या सा चं, सगळं माझ्या मोडक्या डचमध्ये सांगून टाकलं.

त्यांनी विचार केला. “हे कारण मला समजतं,” त्या म्हणाल्या. “पट्टी दुरुस्त करून घे. मग आपण पुन्हा भेटू. तोवर मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.”

यापेक्षा चांगलं काय व्हायला हवं होतं? मी आभार मानून घरी यायला हवं होतं. वीस मिनिटं होऊन गेली होती आणि नवरा घड्याळ दाखवत होता. पण माझा जीव इतका हलका झाला होता, की मला काकूंसाठी काहीतरी करावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला काय काय येतं हे दाखवायची खाजही होती. म्हटलं, “तुम्हाला याचा खरा आवाज ऐकायचाय?”

मी माझ्या सुती ओढणीच्या काठातून दोरा ओढला, दाताने त्याचे चार तुकडे केले. पेटीवर माझा सा धरायला नवऱ्याला बसवलं. त्याने भाता मारला. मी तंबोरा मांडीवर आडवा घेऊन खुंट्या पिळल्या, सूर बारीक जुळवायला तारांतले मणी सरकवले, मग एकेका तारेखाली दोरा घालून केसाएवढा पुढे-मागे करत राहिले. बोटं थंडीने बधिर झाली होती. दुसरी तार लागली, तिसरी तिच्याशी मिळाली. खर्जाच्या तारेखाली दोरा जागेवर बसला आणि तंबोरा एकदम बोलायला लागला. एक तार छेडली तरी तिच्यातून चार-पाच सूर उठून त्या नदीवर पसरत होते. मी सा लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला तो शोधावा लागला नाही.

काकू गवतावर बसल्या होत्या, अजूनही अनवाणी. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं हा माझ्या छत्र्यांशेजारी उभा होता.”

“हो,” मी म्हटलं, अभिमानाने.

“मी तो देणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला क्षमा कर. पण आता नाही देऊ शकत.”

त्यांनी तंबोरा दुलईत गुंडाळला, मला तीनदा धन्यवाद दिले, आणि बाकफीत्स वळवून लायडनच्या रस्त्याला लागल्या. नवरा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. घरी येऊन कोट अडकवताना मात्र त्याला राहवलं नाही. “मी म्हटलं होतं, वीस मिनिटं.”

मी भयंकर चिडले होते. त्यांच्यावर, नवऱ्यावर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. टिकलीबद्दल तोंड मिटून बसले असते तर तंबोरा घरात होता. खरं बोलून मिळवलाच होता, तो हुशारी दाखवून घालवला. तीन दिवस मी डच लोकांबद्दल जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंना सांगायचा धीर झाला नाही. सर्दीचं निमित्त करून दोन शिकवण्या बुडवल्या.

चौथ्या दिवशी ईमेल आला. तंबोरा वाटेतच उतरला होता. दोन दोरे पडून गेले होते, शिवणाच्या डब्यातला दोरा घालून पाहिला पण जमत नाही. “तू दर शनिवारी येशील का? मला शिकव, आणि हवा तितका वेळ त्यावर गा. सध्याच्या नियमाने एका वेळी एकच पाहुणा चालतो, त्यामुळे नवऱ्याला आणता येणार नाही.”

“अनोळखी बाईच्या घरी? एकटी?” नवरा म्हणाला. मी ओढणी शोधायला लागले. शेवटी तो गाडीतून सोडायला आला आणि त्यांच्या कालव्याकाठी गाडी लावून, माझ्या फोनचं लोकेशन उघडं ठेवून, दीड तास डबा खात बसून राहिला.

पहिला शनिवार दोऱ्यातच गेला. दुसऱ्या शनिवारी मी त्यांना छेडायला शिकवलं: पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन तर्जनीने, घाई करायची नाही, थांबायचंही नाही. खिडक्या सताड उघड्या, आम्ही दोघी कोट घालून, मध्ये दीड मीटर. तिसऱ्या शनिवारी मी त्यांना विचारून बाईंना फोन लावला.

बाईंनी सर्दीची चौकशी केली नाही. तंबोरा लावताना खुंटी पिळण्याचा आवाज ऐकला आणि फोन उचलून उजव्या कानाला लावला. त्यामुळे स्क्रीनवर नुसता कान, सुरकुतलेली पाळी आणि मोत्याची कुडी. मी अर्धा तास त्या कानाकडे बघत तंबोरा लावत होते.

“पंचम उतरलाय,” कान म्हणाला. मी मणी सरकवला. “अजून थोडा वर. फार झालं. हं.”

तंबोरा मी काकूंच्या हातात दिला आणि समोर येऊन बसले. त्या छेडू लागल्या.

“कोण छेडतंय?” बाईंनी विचारलं.

“ज्यांचा तंबोरा आहे, त्या.”

“हात बरा आहे.” कान आणखी जवळ आला, इतका की स्क्रीन अंधारली. “लागला,” बाई म्हणाल्या. “छान लागला गं. मला अजून नीट ऐकू येतंय. चल, आता म्हण.”

मी श्वास घेतला. तोंड उघडलं, पण सूर निघेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं. बाई पलीकडे वाट बघत होत्या. काकूंना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे खाली वळवले, आणि मला गाता येईपर्यंत त्या छेडत राहिल्या.